बुडत्या कंपनीत थांबण्याचे मोल : अमेरिकेतील दिवाळखोरी, रिटेन्शन बोनस आणि कर्मचाऱ्यांचा रोष

प्रस्तावना

दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीपाशी देण्याजोगा पैसा सर्वांत कमी असतो आणि मागणारे सर्वांत जास्त असतात. नेमक्या याच वेळी कंपनीचे वरिष्ठ अधिकारी सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांना पगाराव्यतिरिक्त मोठी रक्कम देण्याची पद्धत अमेरिकेत गेल्या काही दशकांत रूढ झाली. या रकमेला 'रिटेन्शन बोनस' म्हणतात. ठरावीक मुदतीपर्यंत कंपनीत थांबणे एवढीच बहुधा त्याची अट असते. ज्या कर्मचाऱ्यांची नोकरी, निवृत्तिवेतन किंवा सेवासमाप्तीची भरपाई त्याच दिवाळखोरीत बुडते, त्यांच्या दृष्टीने हा बोनस अन्यायाचे प्रतीक ठरतो. कंपनी ज्यांनी बुडवली त्यांनाच बक्षीस का, हा त्यांचा प्रश्न असतो.

या रोषाकडे सामान्यतः हेवा किंवा हताश संताप म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. दिवाळखोरीचा कायदा कसा घडला, कर्मचाऱ्यांच्या रोषामुळे तो कधी व किती बदलला आणि बदलानंतर व्यवहाराने कोणती नवी वाट शोधली, हे पाहिले असता या रोषात एक नेमका आक्षेप दडलेला आढळतो. सोडून जाण्याची क्षमता ज्याच्यापाशी आहे त्याच्याच थांबण्याला या व्यवस्थेत किंमत मिळते; ज्याला जाता येत नाही त्याची निष्ठा फुकट गृहीत धरली जाते, हा तो आक्षेप होय.

१. व्यवस्थापन खुर्चीवर राहते

दिवाळखोर कंपनीच्या जुन्या व्यवस्थापनाला कंपनीतच ठेवावे की काढावे, हा वाद अमेरिकेत जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अडचणीत आलेल्या रेल्वे कंपन्यांवर न्यायालये 'रिसीव्हर' नेमत असत. १८८४ मध्ये वॉबॅश रेल्वेच्या प्रकरणात कंपनीच्या वर्तुळातील माणसेच रिसीव्हर म्हणून नेमली गेली आणि अशा नेमणुकींवर टीका होऊ लागली. महामंदीनंतर या टीकेला कायद्याचे रूप मिळाले. १९३८ च्या चँडलर कायद्यातील दहाव्या प्रकरणानुसार मोठ्या कंपनीच्या पुनर्रचनेसाठी स्वतंत्र विश्वस्त नेमणे आवश्यक ठरले. ज्यांच्या काळात कंपनी बुडाली त्यांच्याच हाती तिची सूत्रे राहू नयेत, हे त्यामागचे तत्त्व होते.

१९७८ च्या दिवाळखोरी सुधारणा कायद्याने हे तत्त्व उलटे केले. नव्या अकराव्या प्रकरणात कंपनीचे व्यवस्थापन सामान्यतः जागेवरच राहते. विश्वस्ताची नेमणूक हा अपवाद ठरतो. यामागची भूमिका व्यावहारिक होती. विश्वस्ताच्या भीतीने कंपन्या फार उशिरा न्यायालयात येत आणि तोवर वाचवण्यासारखे काही उरत नसे. व्यवसाय जाणणारी माणसे टिकली तर धनकोंना अधिक रक्कम मिळेल आणि नोकऱ्याही वाचतील, अशी अपेक्षा होती. मात्र या बदलातूनच एक नवा प्रश्न निर्माण झाला. व्यवस्थापन टिकवायचे असेल तर त्याची किंमत किती, आणि ती ठरवणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर पुढील पंचवीस वर्षे बव्हंशी व्यवस्थापनानेच दिले. कंपनी 'प्रमुख कर्मचारी टिकाव योजना' न्यायालयापुढे मांडत असे आणि नेहमीच्या कामकाजाबाहेरील खर्चासाठी असलेल्या कलम ३६३ खाली न्यायाधीश ती तपासत. योजना व्यावसायिकदृष्ट्या समंजस आहे एवढे दिसले की सामान्यतः मंजुरी मिळत असे.

याच काळात कर्मचाऱ्यांच्या करारांचे काय झाले, हेही पाहणे आवश्यक आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने दिवाळखोरीचा अर्ज करून कामगार संघटनांशी झालेले करार गुंडाळले आणि वेतनात मोठी कपात केली. दिवाळखोर कंपनीला सामूहिक करार नाकारता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बिल्डिस्को प्रकरणात दिला. त्यावर कामगार संघटनांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी काँग्रेसने कलम १११३ आणले. त्यामुळे करार मोडण्यापूर्वी संघटनेशी वाटाघाटी करणे आणि न्यायालयाची परवानगी घेणे बंधनकारक झाले. करार मोडण्याचा मार्ग मात्र खुलाच राहिला. अशा रीतीने एकाच न्यायालयात दोन दारे तयार झाली. एका दाराने कामगारांचे जुने करार बाहेर जात आणि दुसऱ्या दाराने अधिकाऱ्यांचे नवे करार आत येत. पुढील सर्व रोषाचे मूळ या रचनेत आहे.

२. एन्रॉन : नव्वद दिवसांची किंमत

महाराष्ट्राला एन्रॉन परिचित आहे ती रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पामुळे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी झालेल्या वादात तो प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्यूस्टन येथील मूळ कंपनी कोसळली. २ डिसेंबर २००१ रोजी, रविवारी, एन्रॉनने न्यूयॉर्क येथे अकराव्या प्रकरणाखाली अर्ज दाखल केला. तोवरच्या अमेरिकी इतिहासातील ही सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. दुसऱ्या दिवशी सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले.

अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या काही दिवसांत कंपनीने सुमारे ५०० निवडक कर्मचाऱ्यांना मिळून सुमारे ५.५ कोटी डॉलर दिले होते. त्याआधी नोव्हेंबरमध्येच ऊर्जाव्यापार विभागातील काही मोजक्या लोकांना जवळपास तेवढीच रक्कम मिळाली होती. डिसेंबरकडे जाणाऱ्या हप्त्याची अट होती नव्वद दिवस थांबण्याची. याउलट, काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांच्या हाती प्रथम सुमारे ४,५०० डॉलर पडले. कंपनीच्या धोरणाप्रमाणे भरपाई सेवेची वर्षे व पगार यांच्या हिशेबाने मिळणार होती. दिवाळखोरीत ते धोरण म्हणजे धनकोंच्या रांगेतील आणखी एक असुरक्षित देणे ठरले. त्या वेळच्या कायद्यात वेतनाच्या देण्याला अग्रहक्क होता, परंतु त्याची मर्यादा दर कर्मचाऱ्यामागे ४,६५० डॉलर इतकीच होती.

येथे 'थांबणे' या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर येतात. एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांची निवृत्तिबचत 'चारशे एक-के' या योजनेत होती आणि २००० च्या अखेरीस तिच्यातील सुमारे ६२ टक्के मालमत्ता एन्रॉनच्याच शेअरमध्ये गुंतलेली होती. कंपनी आपला हिस्सा शेअरच्या रूपाने देत असे आणि ते शेअर वयाच्या पन्नाशीपूर्वी विकण्यास मज्जाव होता. २००१ च्या शरद ऋतूत शेअर घसरत असताना योजनेचा प्रशासक बदलण्याच्या कारणास्तव काही दिवस कर्मचाऱ्यांचे व्यवहार पूर्णपणे रोखले गेले. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ९० डॉलर असलेला शेअर नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस एका डॉलरच्या खाली गेला. कर्मचाऱ्यांची बचत नियमाने अडकून राहिली होती आणि तिला काही मोबदला नव्हता. अधिकाऱ्यांचे थांबणे ऐच्छिक होते, म्हणून ते विकत घ्यावे लागले.

व्यवस्थापनाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. एन्रॉनपाशी विकण्याजोगे जे होते त्यात ऊर्जाव्यापाराचा विभाग प्रमुख होता आणि व्यापार करणारी माणसे गेली असती तर त्या विभागात संगणक व टेबलांखेरीज फारसे उरले नसते. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. परंतु जानेवारी २००२ मध्ये हा विभाग यूबीएस वॉरबर्गकडे गेला तेव्हा रोख रक्कम मिळाली नाही. भावी नफ्यातील वाटा एवढाच मोबदला ठरला. ज्या मूल्याच्या रक्षणासाठी बोनस दिला असे सांगण्यात आले, ते मूल्य धनकोंच्या हाती कितपत पडले, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांचा रोष केवळ निदर्शनांत विरला नाही. एएफएल-सीआयओ ही कामगार महासंघटना आणि रेव्हरंड जेसी जॅक्सन यांची रेनबो-पुश ही संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ऑगस्ट २००२ मध्ये न्यायाधीश आर्थर गोन्झालेझ यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने भरपाईची कमाल मर्यादा १३,५०० डॉलरपर्यंत वाढली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काढलेल्या कर्मचाऱ्यांच्या समितीला दिवाळखोरीपूर्वी दिलेले बोनस परत मिळवण्यासाठी दावे लावता आले आणि २००५ च्या अखेरीस न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकालही दिला. 'सर्व काही कायद्याने झाले' हे उत्तर अखेरपर्यंत टिकले नाही, याची ही नोंद आहे.

३. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर : एप्रिल २००३

रोषाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते ते अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रसंगात. एप्रिल २००३ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. ती टाळण्यासाठी वैमानिक, हवाई सेवक आणि जमिनीवरील कामगार यांच्या संघटनांसह सर्व कर्मचाऱ्यांकडून वर्षाला सुमारे १८० कोटी डॉलरच्या सवलती मागण्यात आल्या. संघटनांनी मतदान करून त्या मान्य केल्या. मतदान संपत असतानाच कंपनीच्या वार्षिक अहवालातून दोन गोष्टी उघड झाल्या. मोजक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना जानेवारी २००५ पर्यंत थांबल्यास मूळ पगाराच्या दुप्पट बोनस मिळणार होता. आणि ४५ अधिकाऱ्यांचे निवृत्तिवेतन दिवाळखोरीतही सुरक्षित राहावे म्हणून सुमारे ४.१ कोटी डॉलर स्वतंत्र न्यासात ठेवले गेले होते.

१८० कोटींच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ होती. तरीही संघटनांचा क्षोभ इतका तीव्र होता की बोनस रद्द करावे लागले, सवलतींच्या करारांत दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि २४ एप्रिल रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी डोनाल्ड कार्टी यांना राजीनामा द्यावा लागला. आकडा लहान असताना क्षोभ मोठा का झाला? कारण 'आपण सारे एकाच नावेत आहोत' या शब्दावर विसंबून कर्मचाऱ्यांनी मत दिले होते. त्या नावेत काहींसाठी वेगळी होडी आधीच बांधून ठेवली होती, हे त्यांना मत दिल्यानंतर कळले. विशेषतः निवृत्तिवेतनाच्या न्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली : दिवाळखोरीत निवृत्तिवेतनाचे काय होऊ शकते, हे व्यवस्थापनाला नीट ठाऊक होते आणि त्या ज्ञानाचा उपयोग त्याने स्वतःपुरता केला होता.

४. कायदा बदलतो : कलम ५०३(सी)

एन्रॉन आणि त्यानंतरच्या प्रकरणांतून साचलेल्या या असंतोषाला २००५ मध्ये कायद्यात स्थान मिळाले. २० एप्रिल २००५ रोजी स्वाक्षरी झालेल्या दिवाळखोरी कायद्यातील दुरुस्तीचा मुख्य रोख सामान्य कर्जदारांवर निर्बंध घालण्याचा होता आणि त्याबद्दल तिच्यावर बरीच टीका झाली. तथापि सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने तिच्यात कलम ५०३(सी) समाविष्ट झाले.

या कलमानुसार कंपनीच्या अंतर्गत वर्तुळातील अधिकाऱ्याला केवळ थांबण्यासाठी पैसे द्यायचे असतील तर तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्याच्या हाती तितक्याच किंवा अधिक वेतनाच्या दुसऱ्या नोकरीचा खरा प्रस्ताव असला पाहिजे. त्याची सेवा व्यवसाय टिकण्यासाठी अत्यावश्यक असली पाहिजे. आणि त्याला मिळणारी रक्कम त्या वर्षी व्यवस्थापनाबाहेरील कर्मचाऱ्यांना त्याच कारणासाठी दिलेल्या सरासरी रकमेच्या दहापटीहून अधिक नसावी. सेवासमाप्तीच्या भरपाईलाही दहापटीचीच मर्यादा आली आणि ती योजना सर्व पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना लागू असणे आवश्यक ठरले. याच दुरुस्तीने वेतनाच्या अग्रहक्काची मर्यादा १०,००० डॉलर केली आणि त्यासाठी मोजला जाणारा काळ ९० दिवसांवरून १८० दिवसांवर नेला.

दहापटीच्या या नियमाचे ऐतिहासिक महत्त्व विशेष आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या थांबण्याची किंमत सामान्य कर्मचाऱ्याच्या थांबण्याच्या किमतीशी कायद्याने प्रथमच जोडली. त्याला द्यायचे असेल तर यालाही काही दिले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. कर्मचाऱ्यांच्या रोषातील नैतिक आशय येथे गणिताच्या भाषेत उतरला.

५. तारखेच्या पलीकडे आणि अलीकडे

ही दुरुस्ती १७ ऑक्टोबर २००५ पासून लागू होणार होती. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फी कंपनीने नऊ दिवस आधी, ८ ऑक्टोबरला, दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या आदल्या दिवशी तिने २१ अधिकाऱ्यांच्या सेवासमाप्तीच्या अटी अधिक उदार केल्या होत्या. त्याच सुमारास तासाला सुमारे २७ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांपुढे वेतन १० ते १२ डॉलरच्या आसपास आणण्याचा प्रस्ताव ठेवण्यात आला. युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने अधिकाऱ्यांच्या बोनस योजनेला न्यायालयात विरोध केला. तरीही फेब्रुवारी २००६ मध्ये तिचा एक भाग मंजूर झाला.

नवा कायदा लागू झाल्यावर योजनांचे नाव बदलले. 'टिकाव' हा शब्द गाळून 'प्रोत्साहन' हा शब्द आला. बोनस थांबण्यासाठी नसून उद्दिष्टपूर्तीसाठी आहे असे दाखवले की कलमातील कठोर अटी टळत. डेना कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सप्टेंबर २००६ मध्ये न्यायाधीश बर्टन लिफलँड यांनी ही युक्ती ओळखली आणि नाव कोणतेही असो, योजना टिकाव बोनसाचीच आहे, असे ठरवून ती नाकारली. मात्र काही महिन्यांतच कंपनीने आणलेली सुधारित योजना त्यांनी मान्य केली. उद्दिष्टे पुरेशी अवघड असली पाहिजेत, एवढाच धडा पुढील कंपन्यांनी घेतला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये होस्टेस ब्रँड्स ही बेकरी कंपनी कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. सुमारे १८,५०० लोकांच्या नोकऱ्या जाणार होत्या. बेकरी कामगारांच्या संपाला कंपनीने कारण ठरवले होते. त्या कामगारांची तक्रार अशी की २०११ पासूनच कंपनीने त्यांच्या निवृत्तिवेतन निधीत भर घालणे थांबवले होते. अशा स्थितीत कंपनी गुंडाळण्याचे काम पूर्ण करण्यासाठी १९ अधिकाऱ्यांना मिळून १७.५ लाख डॉलरच्या आसपास बोनस देण्यास न्यायालयाने मंजुरी दिली. कामगारांचा संप म्हणजे काम नाकारण्याची धमकी असे मानले गेले आणि अधिकाऱ्यांनी सोडून जाणे म्हणजे बाजाराचा नियम. या भाषाभेदाची दखल घेतल्यावाचून त्या वेळच्या कटुतेचा उलगडा होत नाही.

परंतु कायद्यातील खरी फट वेगळ्याच जागी होती. कलम ५०३(सी) अर्ज दाखल झाल्यानंतरच्या देण्यांना लागू होते. आदल्या दिवशी दिलेल्या बोनसला ते लागू होत नाही. टॉइज-आर-असने सप्टेंबर २०१७ मध्ये अर्ज करण्यापूर्वी अवघ्या काही दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्यांना ८२ लाख डॉलरचे बोनस दिले. मार्च २०१८ मध्ये कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला आणि तीस हजारांहून अधिक कर्मचारी भरपाईविना घरी गेले. त्यांनी संघटित होऊन मालक असलेल्या गुंतवणूक संस्थांवर दबाव आणला, तेव्हा बेन कॅपिटल आणि केकेआर यांनी २ कोटी डॉलरचा साहाय्यनिधी उभारला. मोटारी भाड्याने देणाऱ्या हर्ट्झने कोविडच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, उत्तर अमेरिकेतील सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांना काढले आणि २२ मे रोजी अर्ज करण्यापूर्वी तीन दिवस आधी सुमारे ३४० अधिकाऱ्यांना १.६२ कोटी डॉलर दिले.

या प्रकरणांनंतर अमेरिकी काँग्रेससाठी हिशेबतपासणी करणाऱ्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. आर्थिक वर्ष २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करणाऱ्या ४२ कंपन्यांनी अर्जाच्या पाच दिवस ते सुमारे सहा महिने आधी २२३ अधिकाऱ्यांना एकूण सुमारे १६.५ कोटी डॉलरचे टिकाव बोनस दिल्याचे त्यात आढळले. असे बोनसही न्यायालयाच्या देखरेखीखाली आणण्याचा विचार काँग्रेसने करावा, असे अहवालाने सुचवले. एन्रॉनने नोव्हेंबर २००१ मध्ये जे केले होते, ते वीस वर्षांनी अपवाद न राहता रीत बनले होते.

६. रोषाचा अर्थ

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की कर्मचाऱ्यांचा आक्षेप रकमेपेक्षा क्रमावर अधिक आहे. दिवाळखोरी ही मूलतः रांग लावण्याची व्यवस्था आहे. कोणाचे देणे आधी आणि कोणाचे नंतर, हे ती ठरवते. अर्जापूर्वी दिलेला बोनस रांग लागण्याआधीच हाती पडतो. काढलेल्या कर्मचाऱ्याची भरपाई मात्र रांगेत शेवटाकडे उभी राहते. तारीख कोणती निवडायची हे ज्यांच्या हाती असते, तेच या क्रमाचे लाभार्थी असतात.

दुसरी गोष्ट 'प्रमुख कर्मचारी' या संज्ञेची. ही यादी व्यवस्थापन तयार करते आणि त्यात बहुधा व्यवस्थापनच असते. कंपनी बंद होत असताना दुकान शेवटच्या दिवसापर्यंत उघडे ठेवणारी विक्रेती किंवा यंत्र सुरक्षितपणे बंद करणारा तंत्रज्ञ यांच्यावाचूनही मालमत्तेचे मूल्य घटते. परंतु त्यांच्यापाशी दुसऱ्या नोकरीचा प्रस्ताव नसतो. सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिबचत त्याच कंपनीत गुंतलेली असते. त्यामुळे ते थांबणारच, असे धरून चालता येते.

तिसरी गोष्ट कायद्याच्या मर्यादेची आहे. २००५ च्या सुधारणेने कर्मचाऱ्यांचा आक्षेप मान्य केला, पण तो एका तारखेला बांधला. परिणामी व्यवहार त्या तारखेच्या अलीकडे सरकला. १९३८ च्या कायद्याने कंपनीची सूत्रे कोणाच्या हाती असावीत हे ठरवले होते. २००५ च्या कायद्याने तो प्रश्न न छेडता केवळ देण्याचे नियमन केले. ज्याच्या हाती सूत्रे आहेत त्याला नियमाला वळसा घालण्याची वेळ निवडता येते, हे पुढील पंधरा वर्षांत सिद्ध झाले.

समारोप

अडचणीतील कंपनीला जाणकार माणसांची गरज असते, हे नाकारता येत नाही. १९३८ ची व्यवस्था निर्दोष नव्हती आणि १९७८ चा बदल निष्कारण झाला नव्हता. तथापि अनुभवी माणूस टिकवण्याचा खर्च जर सर्व धनकोंच्या हिताचा असेल, तर तो रांग लागल्यानंतर, सर्वांसमक्ष, न्यायालयापुढे मांडण्यास अडचण नसावी. एन्रॉनपासून हर्ट्झपर्यंत काढल्या गेलेल्या कर्मचाऱ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत हीच मागणी केली. त्यांच्या रोषाने एकदा कायदा बदलला, एका मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले, एकदा दिलेले बोनस परत करण्याचा निकाल मिळाला आणि एकदा गुंतवणूकदारांना निधी उभारावा लागला. कामगार इतिहासाच्या अभ्यासकाने या रोषाची नोंद भावनेच्या सदरात न करता, दिवाळखोरीच्या कायद्याला आकार देणाऱ्या एका शक्तीच्या रूपाने करणे उचित ठरेल.